चाळणीनें उपसलेलें तळें

मार्गदर्शिकेला वाङ्मयांत स्थान द्यावें कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या टीकाकारांनीं फारसा विचारांत घेतलेला नाहीं. प्रवासवर्णनाला मान आहे; कारण त्यांत लेखकाचें व्यक्तिमत्त्व असतें. मार्गदर्शिका मात्र आगगाडीच्या वेळापत्रकाशेजारीं ठेवावयाची व काम संपतांच रद्दींत घालावयाची वस्तु, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ही समजूत बरोबर नाहीं असें आम्हांस अलीकडे वाटूं लागलें आहे, आणि त्याला कारण झालेली भूमि म्हणजे इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतील डेव्हन परगण्यांतील डार्टमूर. तेथील तळीं व जलाशय पाहण्यासाठीं, त्यांच्या कांठानें फिरण्यासाठीं व मासे धरण्यासाठीं असंख्य लोक जातात. २०२२ सालच्या ऑगस्टअखेर आम्ही उभयतांहि गेलों होतों. जातांना बरोबर तीन पुस्तकें घेतलीं होतीं: सर आर्थर कॉनन डॉइल याची 'दि हाउंड ऑफ दि बास्करव्हिल्स' ही कादंबरी, विल्यम क्रॉसिंग याची १९०९ सालीं निघालेली डार्टमूरची मार्गदर्शिका, आणि ॲलिस ऑस्वल्ड या कवयित्रीचें 'डार्ट' हें २००२ सालचें दीर्घकाव्य. एकाच माळाविषयींचीं हीं तीन पुस्तकें पाण्याच्या कांठीं बसून वाचलीं असतां, कोणतें पुस्तक पाहणाऱ्याला काय दाखवितें व काय झांकून ठेवतें, हें जितकें स्पष्ट झालें तितकें तें घरच्या आरामखुर्चींत खचित झालें नसतें. त्या अनुभवाच्या आधारें या तिन्ही पुस्तकांची परीक्षा करावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम भूमीची ओळख करून दिली पाहिजे. 'मूर' हा शब्द इंग्रजी कादंबऱ्यांमुळें आमच्या वाचकांच्या कानांवरून गेलेला आहे. मूर म्हणजे उंचावरचा, ओसाड, बहुतेक वृक्षहीन आणि वर्षाचे बाराहि महिने पावसाची हजेरी असलेला माळ. डार्टमूरचा पाया ग्रॅनाइटचा आहे. त्यावर हजारों वर्षें कुजत आलेल्या शेवाळाचा व गवताचा 'पीट' नांवाचा काळा थर पसरलेला असून तो स्पंजाप्रमाणें पाणी धरून ठेवतो. डार्ट, टेव्ही, टॉ, टेन या नद्या त्या थरांतूनच पाझरून निघतात. टेकड्यांच्या माथ्यांवर 'टॉर' या नांवानें ओळखले जाणारे खडकांचे ढिगारे उभे आहेत. त्यांच्या पायथ्याशीं हेदरचीं जांभळीं झुडपें, मेंढ्या व अर्धवट रानटी तट्टें. सर्वत्र पाणीच पाणी; परंतु नवल असें कीं, ज्याला निसर्गनिर्मित सरोवर म्हणावें असें एकहि या माळावर नाहीं.

नकाशांत तळीं आहेत. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे उत्तरेकडील उंच माळावरचें क्रॅन्मीअर. चेगफर्ड गांवच्या जेम्स पेरट नामक वाटाड्यानें १८५४ सालीं तेथें एक बाटली ठेवली, व एवढी पायपीट करून येणाऱ्यानें आपलें भेटपत्र तींत टाकावें अशी वहिवाट पाडली. माळावर दडवून ठेवलेल्या पेट्या शोधीत हिंडण्याचा जो खेळ आज डार्टमूरवर शेकडों माणसें खेळतात, त्याचा उगम या बाटलींत आहे. आतां हें तळें पाहावयास गेलेल्या माणसाला काय दिसतें? पीटमधील एक खळगा. पाणी नाहीं. लोककथा सांगते कीं, ओकहॅम्प्टन गांवच्या एका नगराध्यक्षाचें भूत लोकांना छळूं लागलें, तेव्हां त्याला क्रॅन्मीअरचें पाणी चाळणीनें उपसण्याची शिक्षा देण्यांत आली. भूत मोठें हुशार. त्यानें माळावर पडलेलें मेंढीचें कातडें चाळणीला आंतून लावलें, आणि तळें असें उपसलें कीं खालीं ओकहॅम्प्टनांत पूर आला. तळें तेव्हांपासून कोरडें.

दक्षिणेकडे क्रेझीवेल नांवाचा एक डोह आहे. तो अथांग आहे, वॉकहॅम्प्टनच्या चर्चमधील घंटांचे दोर एकमेकांना बांधून आंत सोडले तरी तळ लागला नाहीं, अशी दंतकथा आहे. पण हा डोह म्हणजे कथील काढणाऱ्या खाणकऱ्यांनीं सोडून दिलेला खड्डा असून त्याची खोली पंधरा-सोळा फुटांच्या घरांत आहे. उरले ते मोठे जलाशय. आणि ते सर्व धरणांचे. टॉटिफर्ड १८६१ सालचा, केनिक १८८४ चा, बरेटर १८९८ चा, व्हेन्फर्ड १९०७ चा, फर्नवर्दी १९४२ चा, एव्हन १९५७ चा आणि मेल्डन १९७२ चा. तात्पर्य, तळें म्हणून ज्याची कीर्ति तेथें पाणी नाहीं, आणि जेथें पाणी आहे तें माणसानें खणलेलें वा अडविलेलें आहे. निसर्गदर्शनासाठीं येथें येणारा रसिक वस्तुतः माणसाच्या श्रमाचें दर्शन घेत असतो. मात्र हें त्याला कोणी सांगितल्यावांचून कळत नाहीं. तें सांगण्याचें काम पुस्तकांचें, आणि तेथेंच आमच्या परीक्षेचा आरंभ होतो.

डॉइल हा १९०१ सालीं आपला मित्र फ्लेचर रॉबिन्सन याजबरोबर डार्टमूरवर हिंडला, व त्याच सालच्या ऑगस्टपासून त्याची कादंबरी 'स्ट्रँड' मासिकांतून क्रमशः येऊं लागली. शेरलॉक होम्सच्या कथा शाळेच्या बाकाखालीं दडवून वाचणाऱ्यांपैकीं आम्हीहि एक असल्यामुळें तिच्याविषयीं कठोर लिहितांना हात अडखळतो. भय उत्पन्न करण्याच्या कामीं या कादंबरीला तोड नाहीं. ग्रिम्पेनच्या दलदलींत डोळ्यांदेखत रुतत जाणारें तें तट्टू ज्यानें एकदां वाचलें तो तें विसरत नाहीं. परंतु ज्या माळावर हें सर्व घडतें त्या माळाशीं लेखकाचें नातें काय आहे, हा प्रश्न त्याच माळावर बसून विचारला असतां उत्तर समाधानकारक येत नाहीं. कथेंतील प्रमुख पात्रांपैकीं माळावर पोट भरणारा असा कोणीहि नाहीं. एक जण कज्जे लढवितो, एक फुलपाखरें पकडतो, एक कवट्यांचीं मापें घेतो. एक कैदी तुरुंगांतून पळालेला आहे. दलदलीच्या मधोमध कथिलाची एक ओसाड खाण आहे. पण ती कशासाठीं? तो भयंकर कुत्रा दडवून ठेवण्यासाठीं! ज्या जागीं माणसें गुडघाभर पाण्यांत उभीं राहून खडक फोडीत होतीं, त्या जागेचा उपयोग लेखकानें रंगभूमीवरच्या पडद्यासारखा केला आहे. प्राचीन मानवांच्या दगडी झोंपड्यांचेंहि तेंच. त्यांत होम्स रात्री काढतो, एवढेंच त्यांचें प्रयोजन.

हा दोष केवळ डॉइलचा नाहीं. तो सहलकऱ्याच्या दृष्टीचाच दोष आहे. सहलकरी माळाकडे पाहतो तो स्वतःच्या मनांतील एखादा भाव जागा व्हावा म्हणून. कोणाला भीति हवी असते, कोणाला शांति. भाव जागा झाला कीं माळाचें काम संपलें. डॉइलनें या दृष्टीला कळसास नेलें, आणि म्हणूनच त्याची कादंबरी वाचून गेलेल्या मनुष्याला तेथें आपण वाचलें तेंच तेवढें दिसतें. आमचेंहि पहिल्या दिवशीं तसेंच झालें हें कबूल केलें पाहिजे. प्रिन्सटाउनजवळच्या फॉक्स टॉर दलदलीवरून लेखकाला ग्रिम्पेनची कल्पना सुचली असावी असा बहुतेकांचा समज आहे. तेथें उभे राहून आम्ही तट्टू कोठें रुतलें असेल याचा शोध करीत राहिलों; आणि पाठीमागेंच व्हाइटवर्क्स या कथिलाच्या खाणीचे अवशेष आहेत, हें दुसऱ्या दिवशीं क्रॉसिंगचें पुस्तक उघडल्यावर ध्यानांत आलें.

विल्यम क्रॉसिंग याचा जन्म १८४७ सालीं प्लिमथ येथें झाला. बापाचा शिडाचें कापड विणण्याचा धंदा त्याला चालवितां आला नाहीं. त्याचें सारें लक्ष माळावर. उभें आयुष्य त्यानें तेथें पायीं हिंडण्यांत व हिंडलेलें लिहून काढण्यांत घालविलें. माळावरच्या पावसानें शरीर सांध्यांत धरलें, लेखणीनें पोट पुरतें भरलें नाहीं, आणि १९२८ सालीं तो वारला. त्याच्या मार्गदर्शिकेचीं सुमारें पांचशें पृष्ठें आहेत. वाङ्मयगुणांच्या दृष्टीनें पाहिलें तर ती सरस आहे असें आम्हीहि म्हणणार नाहीं. अनेक पानें म्हणजे नुसती खुणांची मालिका: अमक्या खडकापासून डावीकडे वळा, पाट ओलांडा, भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत जा. वर्णनें कोरडीं आहेत. स्वतःविषयीं तर तो जवळजवळ मुका आहे. ज्या पावसानें त्याचें शरीर मोडलें त्याबद्दलची तक्रारहि शोधून काढावी लागते.

परंतु या कोरडेपणाच्या पोटीं एक मोठा गुण आहे. क्रॉसिंग कोणतीहि गोष्ट बिननांवाची सोडीत नाहीं. ओढा, भिंत, शेत, खड्डा, फुटका दगड, प्रत्येकाला कांहीं नांव आहे आणि तें कोणीतरी दिलेलें आहे, हें तो धरूनच चालतो. पीट कापणारे, दगड फोडणारे, खाणकरी, मेंढपाळ यांच्याविषयीं त्यानें १९०३ सालीं एका वृत्तपत्रांत स्वतंत्र लेखमाला लिहिली होती. या लोकांबरोबर हिंडून त्यानें नांवें गोळा केलीं. म्हणून त्याच्या पुस्तकांतील पाणी हें नुसतें चकाकणारें पाणी राहात नाहीं. तें कोठून आलें, कोणी वळविलें, व कोणाच्या घरीं गेलें, हें त्याच्याबरोबर चालतां चालतां कळतें.

प्लिमथच्या पाण्याचीच कथा घ्या. सर फ्रान्सिस ड्रेक यानें १५९१ सालीं मीव्ही नदीचें पाणी सुमारें सतरा मैल लांबीचा पाट काढून त्या शहरांत नेलें. हा पाट आपल्याकडील शेताच्या पाटासारखाच साधा, डोंगराच्या कडेकडेनें उतार साधीत नेलेला. दोनशें वर्षांनीं डेव्हनपोर्टच्या गोदीसाठीं पश्चिम डार्टच्या बाजूनें दुसरा पाट निघाला. शहर वाढलें, पाट थंडींत बर्फानें तुंबूं लागले, तेव्हां १८९८ सालीं बरेटर येथें धरण बांधण्यांत आलें, आणि तेंहि अपुरें पडल्यामुळें १९२३ ते १९२८ या काळांत त्याची उंची दहा फुटांनीं वाढविली. जलाशयांत आज सुमारें १०० कोटि गॅलन पाणी मावतें. ड्रेकच्या पाटाचें मुख याच पाण्याखालीं गेलेलें असून, दुसऱ्या पाटाचें पाणी आतां येथेंच येऊन पडतें.

बरेटर रमणीय आहे यांत संशय नाहीं. चारी बाजूंना टेकड्या, कांठाला सुचिपर्णी वृक्षांची दाट राई, वर शीप्सटॉरचा खडक. जलाशयाभोंवतीं सुमारें चार मैलांचा रस्ता आहे, आणि सुटीच्या दिवशीं त्यावर मुलांच्या गाड्या ढकलणारीं जोडपीं, सायकलवाले व कुत्रीं यांची वर्दळ असते. गळ टाकून ट्राउट मासे धरणारे कांठीं निश्चल उभे असतात. पाण्यांत पोहण्यास मात्र मज्जाव. तें शहराचें पिण्याचें पाणी आहे, शिवाय धरणाच्या खोल पाण्याची थंडी पोहणाऱ्याचा घात करते. शेजारच्या गांवच्या चर्चच्या आवारांत बोर्निओ बेटांतील सारावाकच्या गोऱ्या राजांचीं थडगीं आहेत. जेम्स ब्रुक यानें दूरदेशीं राज्य कमावलें, आणि अखेरची झोप या माळाच्या कुशींत घेतली. इतकें सर्व पाहून मन प्रसन्न होतें. परंतु राईच्या आंत थोडें शिरावें तों पडक्या भिंती दिसूं लागतात. पाणी निर्मळ राहावें म्हणून पहिल्या महायुद्धाच्या सुमारास प्लिमथ नगरपालिकेनें पाणलोटांतील जमीन विकत घेतली, शेतकऱ्यांचीं घरें एकामागून एक ओस पडलीं, आणि पुढें त्या शेतांवर झाडें लावण्यांत आलीं. ज्या राईला आम्ही 'निसर्ग' म्हणून वाखाणीत होतों ती कोणाच्या तरी अंगणांत उभी होती.

येथून आम्ही ईशान्येकडील फर्नवर्दीस गेलों. हा जलाशय टॉर्की शहरासाठीं १९३६ ते १९४२ या काळांत दक्षिण टेन नदीवर बांधण्यांत आला. त्या साली डेव्हनमध्यें अवर्षण जाहीर झालें होतें, व पाणी पुष्कळ खालीं गेलें होतें. तळाच्या भेगाळलेल्या चिखलांतून शेतांच्या भिंती वर आल्या होत्या, आणि ग्रॅनाइटच्या लांबट फरशा दगडी पायांवर टाकून केलेला एक जुना पूल उघडा पडला होता. पुलावर मुलें उड्या मारीत होतीं; मोठीं माणसें छायाचित्रें घेत होतीं. आम्हीहि एक घेतलें. मग कांठीं बसून क्रॉसिंगचें पुस्तक उघडलें. १९०९ सालच्या त्या पुस्तकांत फर्नवर्दी हा जलाशय नाहींच. तें एक शेत आहे. ज्या वाटेनें क्रॉसिंग वाचकाला घेऊन जातो ती वाट आमच्या पायांपासून निघून सरळ पाण्यांत शिरत होती.

आमच्या पत्नीनें पुस्तकावरून बोट उचललें, पाण्याकडे पाहिलें, आणि विचारलें, "अहो, ह्यांचं स्वयंपाकघर कोणत्या अंगाला असेल?"

या प्रश्नाचें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. पण त्यानें आमच्या मनांत जी गोष्ट जागी केली ती सांगितल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. आमच्या आजीचें माहेर सह्याद्रींतील एका धरणाच्या पाण्याखालीं गेलें. ती तेव्हां लहान होती. पुढें आम्ही नातवंडें त्याच धरणावर सहलीला गेलों असतां आजीलाहि बरोबर नेलें होतें. ती मोटारींतून उतरली नाहीं. "तुम्ही जाऊन या," एवढेंच म्हणाली, आणि पाण्याकडे पाठ करून डब्यांतल्या दशम्या सोडीत बसली. आम्ही पाण्यांत दगड फेंकले, ओरडून प्रतिध्वनि ऐकले, परत येऊन दशम्या खाल्ल्या. घर कोठें होतें, विहिरीला काय म्हणत, देऊळ कोणाचें होतें, यांपैकीं कांहींहि आम्हीं तिला विचारलें नाहीं. ती गेल्याला आतां पुष्कळ वर्षें झालीं. त्या शेतांचीं नांवें आज आमच्या घरांत कोणासहि ठाऊक नाहींत. कारण आम्हीं विचारलें नाहीं, आणि त्या खोऱ्यांत कोणी क्रॉसिंग हातांत वही घेऊन हिंडला नव्हता.

फर्नवर्दीच्या कांठीं आम्हांस जें कळलें तें असें: मार्गदर्शिकेची कसोटी तिच्या भाषासौंदर्यांत नाहीं. ज्या भूमीवर ती आपल्याला नेते तिच्यावर पूर्वीं राहिलेल्यांशीं ती किती इमानानें वागते, ही तिची कसोटी. क्रॉसिंगनें लिहितांना हें शेत बुडेल अशी कल्पनाहि केली नसेल; त्यानें फक्त जें होतें तें नीट लिहिलें. आणि तें नीट लिहिल्यामुळेंच, शेत बुडाल्यावर त्याचें पुस्तक वाट दाखविण्याच्या कामांतून मोकळें होऊन साक्षीदार झालें. आजच्या सहलपत्रकांतून वाहनतळ कोठें आहे, उपाहारगृह किती वाजतां बंद होतें, फेरी किती मैलांची आहे, ही माहिती मिळते. ती उपयुक्त आहे, आम्हींहि तिचा उपयोग केला. पण अशा पत्रकांतील जलाशय कालच निर्माण झाल्यासारखा दिसतो. त्याला मागचा दिवस नसतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो योग्यहि आहे. सहलीला जाणाऱ्या श्रमलेल्या माणसानें प्रत्येक पाण्यापुढें शोक करीत बसावें काय? प्लिमथच्या मुलांनीं तहानलेलें राहावें काय? आमचें म्हणणें तसें मुळींच नाहीं. शहराची तहान हा अपराध नव्हे. डार्टमूरच्या रक्षणासाठीं १८८३ सालीं स्थापन झालेल्या संस्थेनेंहि सरसकट पाण्याला विरोध केला नाहीं. तिनें प्रत्येक वेळीं विचारलें तें एवढेंच कीं, दुसरी जागा नाहीं काय? १९५१ सालीं डार्टमूर राष्ट्रीय उद्यान झालें, तरीहि मेल्डनची लढाई ती संस्था हरली व १९७२ सालीं तेथें धरण उभें राहिलें. परंतु स्विन्कम खोऱ्यांतील धरणाचा प्रस्ताव १९७० सालीं पार्लमेंटच्या समितीनें फेटाळला. हें खोरें म्हणजे ज्या फॉक्स टॉर दलदलीचा वर उल्लेख आला तिचेंच. तें धरण झालें असतें तर होम्सची दलदल व खाणकऱ्यांच्या राबणुकीच्या खुणा दोन्ही एकदम पाण्याखालीं गेल्या असत्या. पुढें १९८९ सालीं माळाच्या बाहेर, रोडफर्ड येथें मोठा जलाशय झाला, आणि शहरांना पाणी मिळालें. म्हणजे प्रश्न पाणी कीं स्मृति असा नव्हता. जागेची नीट माहिती असलेल्या माणसांनीं वेळेवर बोलण्याचा होता. ती माहिती ज्या पुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्यांत क्रॉसिंगच्या मार्गदर्शिकेला मानाचें स्थान आहे.

आतां तिसरें पुस्तक. ॲलिस ऑस्वल्ड यांनीं डार्ट नदीच्या कांठीं राहणाऱ्या व राबणाऱ्या माणसांशीं केलेलीं संभाषणें टिपून घेतलीं, आणि त्यांतून उगमापासून समुद्रापर्यंत वाहणारें एक अखंड काव्य रचलें. त्याला २००२ सालचें टी. एस. एलियट पारितोषिक मिळालें. माळावर भटकणारा, कथील काढणारा, चोरून मासे मारणारा, पोहणारा, लोकरीच्या गिरणींतला कामकरी, असे नाना जण यांत बोलतात. बोलणारा कोण, हें पानाच्या समासांत बारीक अक्षरांत दिलेलें आहे. नदींतून पाणी उपसून नळांना पुरविणारा मनुष्य आणि मैलापाणी शुद्ध करणारा मनुष्य, हेहि त्यांत आहेत. ज्या इंग्रजी काव्यानें सरोवरांच्या व ओढ्यांच्या स्तुतीला इतकीं वर्षें दिलीं, त्यांत पाणीखात्याच्या नोकराला कवितेंत उभें राहून आपलें काम समजावून सांगण्याचा मान मिळावा, ही लहानसहान गोष्ट नव्हे. डॉइलच्या माळावर ज्यांना जागा नव्हती, क्रॉसिंगच्या पुस्तकांत ज्यांचीं नांवें दगडांना चिकटून राहिलीं होतीं, त्यांना येथें वाचा फुटली आहे. काव्य या नात्यानें तिन्ही पुस्तकांत हें श्रेष्ठ, याविषयीं आमच्या मनांत शंका नाहीं.

तथापि एका बाबतींत आमचें समाधान झालें नाहीं. या सर्व आवाजांना अखेर नदीचाच आवाज समजावें, अशी कवयित्रीची सूचना आहे. कल्पना सुंदर आहे. पण तिच्यांत एक धोका आहे. सगळ्यांचा आवाज नदीचा झाला म्हणजे कोणाचें देणें कोणावर निघतें हें सांगतां येत नाहीं. नदी सर्वांची असते आणि म्हणून कोणाचीच नसते. शेत मात्र कोणा एकाचें असतें. आमच्या आजीचें मौन एखाद्या कवीनें नदीच्या मौनांत मिळवून टाकलें असतें, तर काव्य कदाचित् चांगलें झालें असतें; आजीची मात्र त्यानें फसवणूक झाली असती. येथें कोरडा क्रॉसिंग रसाळ ऑस्वल्डहून एक पाऊल पुढें आहे. तो शेताला शेताच्या नांवानें हांक मारतो, आणि तेथेंच थांबतो.

अलीकडे डार्टमूरविषयीं एक मोठा खटला गाजला. १९८५ च्या एका कायद्यानें माळाच्या सामाईक जमिनीवर पायीं वा घोड्यावरून जाऊन मोकळ्या हवेंत विहार करण्याचा हक्क लोकांना दिलेला आहे. विहारांत रात्रीं तंबू ठोकून झोंपणें येतें कीं नाहीं, असा वाद निघाला. २०२३ सालीं खालच्या न्यायालयानें येत नाहीं म्हटलें. अपील न्यायालयानें तो निर्णय त्याच सालीं फिरविला. आणि २०२५ च्या मे महिन्यांत सर्वोच्च न्यायालयानें विहारांत मुक्कामहि येतो असा एकमतानें निकाल दिला. एका शब्दाच्या अर्थासाठीं तीन न्यायालयें झिजावीं, हें पाहून आमच्यासारख्या भाषेच्या शिक्षकाला आनंद झाल्यावांचून राहात नाहीं. हक्क मिळाला हें उत्तम झालें. पण विहार या शब्दाचा अर्थ न्यायालयांत जितका ठरतो त्याहून अधिक तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत ठरत असतो. पाण्याकांठीं रात्र काढण्याचा हक्क ज्यानें मिळविला, त्यानें तें पाणी कोणाच्या उंबऱ्यावर उभें आहे हें जाणून घेण्याची तसदी घ्यावी, एवढी अपेक्षा फार नव्हे.

आमच्याकडेहि आतां पावसाळा संपला कीं धरणांच्या कांठीं मोटारींची दाटी होते. मुळशीच्या खोऱ्यांतील शेतकऱ्यांनीं १९२१ सालीं सेनापति बापटांच्या मागें उभें राहून सत्याग्रह केला, हें शाळेंत शिकलेलीं मुलें त्याच पाण्याकांठीं कणसें खातात, आणि दोन गोष्टींचा संबंध त्यांच्या ध्यानांत येत नाहीं. त्यांत मुलांचा दोष नाहीं. खोऱ्याखोऱ्यांतून हिंडून नांवें लिहून ठेवणारीं पुस्तकें त्यांच्या हातीं कोणी दिलेलीं नाहींत. ज्यांना साहित्याची हौस आहे व पायांत बळ आहे अशा तरुणांनीं कादंबरीचा नाद थोडा बाजूला ठेवून हें काम अंगावर घ्यावें, असें आम्हांस मनापासून वाटतें. तीं बुडालेलीं गांवें ज्यांनीं पाहिलीं, त्यांच्यापैकीं थोडीं माणसें अद्याप कोठें कोठें असतील. त्यांना विचारावें, आणि तें आजच विचारावें.

दक्षिण डार्टमूरवर डक्स पूल नांवाचें आणखी एक तळें आहे. तेंहि नकाशापुरतेंच, आज तेथें पाणथळ गवत आहे. १९३८ सालीं क्रॉसिंगच्या चाहत्यांनीं त्याच्या स्मरणार्थ एक शिलालेख बसविला तो येथें. पाणी नसलेल्या तळ्याच्या कांठीं, मैलोगणती वस्ती नसलेल्या जागीं, पेटी उघडून वहींत नांव लिहिण्यासाठीं लोक अजूनहि चालत जातात. आमच्या पायांना तेवढें जमलें नाहीं, त्यामुळें आम्ही तेथें पोंचलों नाहीं. परत येतांना मात्र आम्हीं फर्नवर्दीचें तें छायाचित्र क्रॉसिंगच्या पुस्तकांत, जेथें ती वाट पाण्यांत शिरते त्या पानावर, ठेवून दिलें. आणि घरीं आल्यावर वडील भावास पत्र घालून विचारलें कीं, आजीच्या तोंडून माहेरच्या एखाद्या शेताचें नांव तुम्हीं कधीं ऐकलें होतें काय? उत्तर आलें. एक नांव त्यांना आठवत होतें. तें आम्हीं लिहून ठेवलें आहे.